अक्काला दाखवलेली रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. ज्याच्यासमोर हे घडलं त्या रफिकभाईजवळसुद्धा नाही — त्याला सांगायची गरज नव्हती बहुतेक, पण ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाजीबाजारात समोर आलात तरी मला काही वाटणार नाही. कारण फारसं शूर नाही हे, मला कळतं. पण आहे ते असं आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी बिचारा वगैरे नाही. धुळ्यात ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवायचो तेव्हापासून लोक मला मान देत आले आणि तो मी बिनदिक्कत घेत आलो. कान माझा पक्का. भर लग्नाच्या गोंगाटात, फटाके फुटत असताना, बँजो जरासा उतरलाय हे मी मागे वळून न बघता सांगायचो, आणि बँजोवाला मुकाट्याने तार पिळायचा. अजूनही सांगतो — वय झालं, गुडघे गेले, कान शाबूत आहे. ही फुशारकी वाटेल तुम्हाला. वाटू द्या. पुढचं समजायला ती लागणार आहे.

नव्वदच्या दशकात मी जळगावला आलो आणि एका गोडाऊनच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पोती ठोकली. पोत्यांत जिनिंगमधली टाकाऊ रुई. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, रुईने मढवलेल्या खोलीत, पंखा बंद करून गायचं — कारण पंख्याची घरघर माईक पकडायचा. गाणारा घामाने निथळायचा. आणि नेमकं सगळं जमून आलेलं असताना बाहेरून केळीचा ट्रक हॉर्न वाजवत जायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. तरी लोक यायचे. भजनी मंडळं यायची, लग्नाची गाणी भरायला बायका यायच्या, निवडणुकीत उमेदवार यायचे. चार वर्षं मी हे सगळं साध्या टेपवर केलं आणि उत्तम केलं.

मग मी कॉम्प्युटर घेतला.

कॉम्प्युटरवर गाणं करणारा जळगावातला पहिला माणूस मी — असं मी सांगायचो. खरं होतं का? देव जाणे. कुणी तपासायला गेलं नाही. संगीताचा तो प्रोग्रॅम एका ओळखीच्याने मुंबईहून सीडीवर आणून दिला होता. सोबत सूचनांच्या पुस्तकाची झेरॉक्स, इंग्रजीत, तीही मधली बरीच पानं गायब. त्या प्रोग्रॅमचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. आजकालच्या पोरांना सांगितलं तर हसतील, पण माझ्या साउंड कार्डाला एका वेळी एकच काम जमायचं — एक तर ऐकवायचं, नाही तर भरून घ्यायचं. आधी भरलेल्या ढोलकीवर गाणं भरायचं म्हटलं की त्याने हात वर केलेच. मग मी काय करायचो? ढोलकी आधी कॅसेटवर उतरवायची, ती डेकवर लावायची, गाणाऱ्याच्या कानाला हेडफोन, आणि गाणं कॉम्प्युटरात. मग दोन्ही जुळवत बसायचं. पण कॅसेटचा वेग कुठे एकसारखा असतो? पहिल्या कडव्याला बरोबर बसलेलं गाणं तिसऱ्या कडव्याला ढोलकीच्या पुढे निघून गेलेलं असायचं. मग कापा, सरकवा, पुन्हा ऐका, पुन्हा कापा.

बरं, चुकून भलतंच कापलं तर? मागे जायची सोय एकाच पावलाची. दोन चुका केल्यात तर दुसरी मिटणार, पहिली तशीच राहणार. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर आवाजाची ती वरखाली होणारी रेघ तो नव्याने काढत बसायचा — मी जाऊन चहा पिऊन यायचो, तरी त्याचं अर्धंच झालेलं असायचं. मध्ये लाईट गेली की सगळं मुसळ केरात. टेपवर जे काम मी तासाभरात हातावेगळं करायचो त्याला इथे पुरता दिवस जायचा. आता तुम्ही म्हणाल, मग टेपवरच का नाही केलंस? कसं करणार? ‘कॉम्प्युटराइज्ड रेकॉर्डिंग’ अशी पाटी रंगवून झाली होती.

त्या सगळ्यात सर्वांत वैताग आणणारी एक गोष्ट होती, ती नीट समजून घ्या. गाण्याची फाइल वेगळी आणि आवाजाच्या फाइली वेगळ्या. गाण्याच्या फाइलीत नुसती यादी असायची — कुठला आवाज कधी वाजवायचा त्याची. खरे आवाज दुसरीकडे, एका कोठारात पडलेले. जो आवाज भरलाय पण अजून यादीत लावलेला नाही, तो त्या प्रोग्रॅमच्या हिशेबी ‘न वापरलेला’. आणि डिस्क भरली — ती सारखी भरायची — की न वापरलेलं सगळं एका फटक्यात पुसून टाकायचा एक हुकूम होता. तो दिला की एक चौकट यायची, इंग्रजीत काहीतरी विचारायची. दिवसातून वीस चौकटी यायच्या. मी न वाचता एंटर दाबायचो. तुम्ही वाचता का?

लोकांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं आणि मी कळू दिलं नाही. एकटा असताना त्या यंत्राला मी अशा शिव्या घातल्यात की रुईच्या पोत्यांनी कान झाकले असते. पण गिऱ्हाईक आलं की मी खुर्ची ऐटीत वळवायचो आणि पडद्यावरच्या रेघा दाखवायचो — ‘हा बघा तुमचा आवाज.’ लोक चपला बाहेर काढून आत यायचे. एका भजनी मंडळाने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

हे मी इतकं लांबण लावून का सांगतोय? टाळतोय. तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रोग्रॅमला नावं ठेवणं सोपं आहे. त्याने मला छळलं हे खरंच आहे. पण मला जे सांगायचंय ते त्याने केलेलं नाही.

तर — वत्सलाअक्का.

अक्का धरणगावची. पन्नाशी उलटलेली, घरी कापसाची शेती, अंगाने शेलाटी, बोलणं मोजकं. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते — रविवारी देवीला घरी आणायचं, तिच्यासमोर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजत-गाजत नदीवर पोचवायचं. अक्काच्या गल्लीत हे गाणं अक्काशिवाय सुरू होत नसे. बायका बसलेल्या असायच्या, दिवा लागलेला असायचा, आणि कुणी घाई केली तर बाकीच्या म्हणायच्या, अक्का येऊ दे. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. गोड आवाज मी पुष्कळ ऐकलेत. तिचा आवाज सरळ होता. वर जाताना ती कुठेही चाचपडायची नाही, आधी श्वास साठवायची नाही. सहज चालत गेल्यासारखी वरच्या सुरावर जाऊन उभी राहायची. आणि तिला ते ठाऊक होतं. गर्व नव्हता — पण ठाऊक होतं. पायरी कुठे आहे हे रोजच्या घरात कळतं, तसं.

जळगावच्या एका कॅसेटवाल्याला श्रावणाआधी कानबाईच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. त्याने अक्काला गाठलं, अक्काने तिच्या धाकट्या जावेला, कमलबाईला, मागे सूर धरायला सोबत घेतलं आणि दोघी चार दिवस धरणगावहून माझ्याकडे येत राहिल्या. ढोलकीला रफिकभाई. रफिकभाईचं मेहरूणला लाकडी कपाटं-पलंग करायचं दुकान; दिवसभर रंधा मारणारा माणूस, पण ढोलकीवर हात पडला की मी माझा कॅसिओ विसरायचो. तिघांना मी एकत्रच भरून घेतलं. कॅसिओ मागाहून चढवणार होतो. नऊ गाणी झाली. चांगली झाली.

दहावं होतं पोचवणीचं. सोमवारी देवीला निरोप देताना म्हणायचं. अक्का ते भरायला तयार नव्हती. त्यांच्या घरात ते गाणं वर्षातून एकदाच म्हणत, देवी दारातून निघताना. एरवी गुणगुणायचंसुद्धा नाही — नुसतंच म्हटलं तर ती निघून जाते, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. कॅसेटवाला मागे लागला, मी मागे लागलो. तीन दिवस ती नाही म्हणत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी आली ती अंघोळ करून, नवं लुगडं नेसून. माईकसमोर बसली आणि म्हणाली —

“भाऊ, हाई गानं मी एकदाच म्हनसू. तिले वाटे लावानं गानं शे. पुन्हा म्हन म्हनू नको.”

मी म्हटलं, अक्का, एकदाच.

रफिकभाईने विचारलं, डेक लावू का बाजूला? टेपच्या दिवसांपासून आमची पद्धत होती — काही महत्त्वाचं असलं की एक कॅसेट जोडीला चालू ठेवायची, अडीअडचणीला असावी म्हणून. मी हसलो. मी त्याला म्हणालो, अरे, आता कॉम्प्युटर आहे. ते हसू मला आठवतं. लाज वाटते त्या हसण्याची, पुढच्या सगळ्याइतकीच.

ती गायली. काय सांगू? साडेचार-पाच मिनिटं असतील. एकदाही ट्रक गेला नाही, हे आधी मनात आलं — धंद्याची खोड. मग तेही मनात राहिलं नाही. कमलबाई मागे धरायचं विसरली आणि तोंडाला पदर लावून बसली. शेवटच्या कडव्याला सूर खूप वर जातो, तिथे अक्का नेहमीसारखीच गेली, सरळ, आणि तिथून खाली आली ती इतकी हळू की आम्हाला वाटलं दारातून खरंच कुणी निघून गेलं. रफिकभाईने शेवटची थाप दिली आणि हात ढोलकीवर तसाच ठेवला. अक्का उठली, तिने पाणी मागितलं, आणि दोघी दुपारच्या गाडीने धरणगावला गेल्या.

त्या दुपारी मला कॅसिओ चढवायचा होता. डिस्कमध्ये जागा नव्हती. पोचवणीचं गाणं मी घाईत भरलं होतं — ती मन बदलेल या भीतीने सरळ बटण दाबलं होतं — आणि ते अजून कुठल्याच यादीत लावलं नव्हतं. जेवून आलो होतो, डोळ्यांवर झापड होती. मी ‘न वापरलेलं पुसा’ हा हुकूम दिला. चौकट आली. मी एंटर दाबलं.

किती वेळाने कळलं? कॅसिओ चढवून झाल्यावर. कोठारात शोधलं, नव्हतं. डिस्कभर शोधलं, नव्हतं. पुसलेलं परत आणतो म्हणणाऱ्या एका पोराला फोन केला, तो म्हणाला, त्यावर दुसरं काही भरलंय का? भरलं होतं. माझा कॅसिओ.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, चूक झाली, माणसाच्या हातून होते. अगदी बरोबर. एवढंच असतं तर मी हे चहाच्या टपरीवर गंमत म्हणून सांगितलं असतं. एवढंच असतं तर दुसऱ्या दिवशी धरणगावची एसटी पकडून अक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो असतो — अक्का, माझ्या हातून पुसलं गेलं. ती रागावली असती. पुन्हा म्हणायला नाही म्हणाली असती, बहुधा. कॅसेट नऊ गाण्यांची निघाली असती. कुणाचं काय बिघडलं असतं?

माझं बिघडलं असतं. माझी पाटी, माझी ती वळणारी खुर्ची. कॅसेटवाला गावभर सांगत फिरला असता की याच्या कॉम्प्युटरात गाणं हरवतं. आणि अक्का पुन्हा म्हणणार नाही हे पक्कं होतं — माझ्या चुकीसाठी तर नाहीच. मग तिने पुन्हा म्हणावं म्हणून काय करता येईल? चूक तिची असेल तर म्हणेल. देवीचं गाणं आपल्याकडून वेडंवाकडं म्हटलं गेलं आणि तसंच राहिलं, हे तिला सोसणार नाही. हे मला सुचायला फार वेळ लागला नाही. मला पाहिजे तेव्हा सुचतं.

मी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. रफिकभाईलाही बोलावलं होतं. मी अक्काला खुर्चीवर बसवलं, पडदा तिच्याकडे वळवला आणि सांगितलं — अक्का, सूर हलला हो तुमचा. शेवटच्या कडव्याला. कानाला पटकन कळत नाही, पण हे बघा. आणि पडद्यावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं, जिथे ती थरथरत वर गेली होती.

ती रेघ तिच्या गाण्याची नव्हती. असणार कुठून? आदल्या दिवशी माईक तपासताना मी खोकलो होतो, ते भरलं गेलं होतं आणि पुसायचं राहिलं होतं. माझ्या खोकल्याचं चित्र होतं ते.

अक्का पुढे झुकून बघत राहिली. ती बाई दोन इयत्ता शिकलेली, पण डोळा शेतकऱ्याचा; रेघ कुठे बिघडलीय ते तिने बरोबर ओळखलं आणि त्याच्यावर आपलं बोट ठेवलं. मग म्हणाली, ऐकव. मी म्हणालो, नको अक्का, ऐकून मन खट्टू होईल तुमचं. फार मायेने म्हणालो. आणि तिने माझ्याकडे असं बघितलं — आभार मानल्यासारखं. आपली लाज झाकली म्हणून.

“मना आवाज गया का, भाऊ?” तिने विचारलं.

कमलबाई म्हणाली, असं कसं, मला तर चांगलं वाटलं होतं. अक्का तिच्यावरच खेकसली, आपल्याला काय कळतं म्हणून — “आपले काय कयस? मशीन कसाले खोटं सांगी?”

मी गप्प बसलो. खरं सांगायची ती वेळ होती. अशा दोन-चार वेळा आल्या, त्यातली ही पहिली.

रफिकभाई मला बाहेर घेऊन आला. त्याने विडी पेटवली नाही, नुसती हातात धरली. “भाऊ, मी तर बाजूलाच बसेल होतो,” तो म्हणाला. “सूर बराबर होता.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, रफिकभाई, कानाला वाटतं एक, यंत्र दाखवतं एक. माझ्या तोंडून हे वाक्य! ज्या माणसाने जन्मभर कानाच्या जोरावर भाकरी खाल्ली त्याच्या तोंडून! तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. तो आत जाऊन ढोलकीच्या कड्या ओढत बसला. ते गाणं त्याने वाजवून दिलं. त्यानंतर बोलावलं की त्याच्याकडे पलंगाचं काम असायचं.

अक्काने माईकसमोर हात जोडले. “माय, मनं चुकनं,” म्हणाली. आणि गायला लागली.

दुसऱ्या वेळी सूर हलला नाही, खोटं कशाला सांगू. पण ती प्रत्येक वरच्या जागेआधी थांबली. क्षणभरच — श्वास घ्यायची, डोळे मिटायची, मग जायची. अंधारात पायरी चाचपावी तशी. शेवटच्या कडव्याला तर ओळ मध्येच तुटली, ‘माय’ म्हणून थांबली आणि उरलेली ओळ वेगळ्या श्वासात म्हणाली. माझ्या कानाला हे सगळं लख्ख ऐकू येत होतं. गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी अंगठा वर केला. फर्स्टक्लास, अक्का.

कॅसेट निघाली. खूप खपली. श्रावणात धरणगावपासून पिंपळनेरपर्यंत कर्ण्यावर ती वाजत होती, आणि मी ‘कानबाईच्या कॅसेटवाले’ झालो. लोक वाटेत थांबवून सांगायचे, पोचवणीचं गाणं ऐकून रडू येतं हो, बाई कशी भरून आल्यासारखी थांबते. मी मान डोलवायचो. भरून आल्यासारखी! तिला भीती वाटत होती, भाऊ. मी घातलेली भीती.

दोन वर्षांनी कमलबाईने मला कानबाईला बोलावलं. गेलो. मानपान घ्यायला मी कधी मागे राहिलेलो नाही. सोमवारी सकाळी देवी उचलली, दारात बायका जमल्या, आणि गाणं उचललं ते कमलबाईने. अक्का मागे होती, हातात पाण्याचा तांब्या, ओठ मिटलेले. मी एका पोरीला विचारलं, अक्का नाही म्हणत? ती म्हणाली, नाही, ती तर त्या कॅसेटनंतर म्हणतच नाही. म्हणते, माझ्याकडून देवीचं गाणं बिघडतं.

आणि मग शेवटचं कडवं आलं. पुढे सहा-सात पोरी होत्या, सगळ्या एका सुरात. वरच्या जागेआधी त्या थांबल्या. सगळ्या मिळून. श्वास घेतला, डोळे मिटले आणि मग वर गेल्या. ‘माय’ म्हणून ओळ तोडली, उरलेली वेगळ्या श्वासात म्हटली. कॅसेटवरून शिकल्या होत्या. त्यांना वाटत होतं, गाणं असंच आहे.

मिरवणूक पुढे गेली. अक्का मागे राहिली, मला बघून थांबली. तब्येत विचारली, बायको-मुलांचं विचारलं. मग इकडेतिकडे बघून, अगदी दबक्या आवाजात, तिने ती शेवटची ओळ मला म्हणून दाखवली. एरवी जी गुणगुणायचीही नाही ती ओळ. नुकतीच देवी दारातून निघाली होती म्हणून चालत असावी, मला माहीत नाही. थांबत, चाचपडत म्हटली. परीक्षा देत होती ती — माझ्यासमोर.

“आते तरी बराबर शे का, भाऊ?”

गल्लीत कुणी नव्हतं. कॅसेट खपून झाली होती, पाटी उतरवली होती, तो कॉम्प्युटर मी भंगारात दिला होता. माझं काहीएक बिघडणार नव्हतं. सांगायला दहा सेकंद लागली असती. मी म्हणालो, हो अक्का, आता बरोबर आहे. तिचा चेहरा उजळला. तांब्या सावरत ती मिरवणुकीमागे गेली.

त्यानंतर अक्का बरीच वर्षं होती. जळगाव-धरणगाव एसटीने तासाभराचं अंतर. मी गेलो नाही. आता अक्काही नाही, आणि रफिकभाईही नाही. त्या दिवशीचं ते गाणं चौघांनी ऐकलं होतं, त्यातली कमलबाई अजून आहे. पण तिने मशीनवर विश्वास ठेवला, तिला वाटतं आपलाच कान चुकला. म्हणजे तसं बघायला गेलं तर खरं काय ते माहीत असलेला मी एकटाच उरलो.

अक्काचा सूर हलला नव्हता. पहिल्या वेळी तिने म्हटलं ते बरोबर होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी ऐकलं होतं.